दोन कॅमेरे आणि थंडी

श्रोतेहो, वैशाखाच्या या उकाड्यात, हातांतल्या कार्यक्रमपत्रिकेचा पंखा करून आपण बसलेले असताना आम्ही थंडीवर बोलायला उभे राहिलो आहो, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. पण अलीकडे आपल्या गावातली माणसे मे महिन्यात रोहतांगला आणि फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊ लागली आहेत. जाण्यापूर्वी ती आमच्यासारख्या हौशी माणसाला गाठून विचारतात, ‘कॅमेरा कोणता चांगला?’ हा प्रश्न ‘पादत्राण कोणते चांगले?’ या प्रश्नासारखाच अपुरा आहे. चालायचे कोठे, हे ठरल्याखेरीज उत्तर देता येत नाही. म्हणून आज आम्ही दोनच कॅमेरे घेतो. एक आमच्या स्वतःच्या वापरातला, दुसरा आमच्या मेहुण्यांचा. हे दोन्ही बरोबर घेऊन 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही सहकुटुंब गुलमर्गला गेलो होतो. जे काही शिकलो ते तेथेच, आणि बरेचसे चुका करूनच.

आमचा कॅमेरा फुजीफिल्म कंपनीचा एक्स-टी 2, सन 2016 चा. मेहुण्यांचा निकॉन कंपनीचा डी 7200, सन 2015 चा. दोहोंच्या मागून त्या त्या घराण्यांत नवी भावंडे आली. निकॉनचा डी 7500 सन 2017 मध्ये निघाला, फुजीचा एक्स-टी 3 सन 2018 मध्ये. आज हे दोन कॅमेरे बहुधा जुन्या बाजारातच मिळतील. तरी तुलनेसाठी ही जोडी आम्हांस फार सोयीची वाटते. कारण ज्या गोष्टीवरून दुकानात सर्वांत अधिक वाद होतो, त्या गोष्टीत दोघे जवळजवळ सारखेच आहेत.

ती गोष्ट म्हणजे मेगापिक्सेल. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर नावाची एक सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधी सूक्ष्म कण ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक कणावर जितका प्रकाश पडेल तितका विद्युत्भार साचतो आणि तो मोजून चित्र तयार होते. निकॉनच्या चकतीवर असे 2 कोटी 42 लाख कण आहेत, फुजीच्या चकतीवर 2 कोटी 43 लाख. चकतीचा आकारही दोन्हीकडे तोच, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि साडेपंधरा मिलिमीटर उंच. एका लाखाच्या फरकाने भिंतीवरच्या तसबिरीत काडीचाही फरक पडत नाही. रंगांच्या छटेत दोघांची धाटणी वेगळी आहे, पण तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला.

आणि गंमत अशी की, थंडी या चकतीला मानवते. प्रकाश मुळीच नसतानाही उष्णतेमुळे त्या कणांत थोडाफार विद्युत्भार आपोआप साचतो आणि त्यामुळे रात्रीच्या दीर्घ छायाचित्रांत ठिपके उमटतात. तपमान सहा-सात अंशांनी उतरले की हा उपद्रव साधारण निम्मा होतो. वेधशाळांतले कॅमेरे मुद्दाम गारठवून ठेवतात ते याचसाठी. तेव्हा थंडीत कॅमेऱ्याचे ‘डोळे’ बिघडतात हा समज मनातून काढून टाकावा. बिघडते ते पोट, म्हणजे बॅटरी.

आता या दोन कॅमेऱ्यांतला खरा भेद सांगतो. निकॉन हा आरशाचा कॅमेरा आहे. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर लोलकात जातो आणि आपल्या डोळ्याला पोहोचतो. आपण पाहतो ते प्रत्यक्ष दृश्य असते. कळ दाबली की आरसा क्षणभर वर उचलला जातो आणि मग प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज त्याचाच. फुजीत आरसा नाही. प्रकाश सदासर्वदा सेन्सरवरच पडतो आणि सेन्सरला जे दिसते ते एका चिमुकल्या पडद्यावर उमटवून आपल्या डोळ्यापुढे धरले जाते. म्हणजे निकॉनमध्ये आपण खिडकीतून बाहेर पाहतो आणि फुजीत एक छोटासा दूरदर्शन संच पाहतो.

खिडकीतून पाहायला वीज लागत नाही, निदान नाममात्रच लागते. संच पाहायला ती सतत लागते. दोन्ही कंपन्यांनी एका भरलेल्या बॅटरीवर निघणाऱ्या छायाचित्रांचा जो आकडा दिला आहे, त्यात हा फरक लख्ख दिसतो. निकॉनची सुमारे 1110 चित्रे, फुजीची सुमारे 340. निकॉनची बॅटरी मुळात मोठी आहे हे खरे, पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. शिवाय निकॉनचा आकडा दर दुसऱ्या चित्राला अंगचा फ्लॅश उडवून काढलेला असतो. फुजीच्या अंगी फ्लॅशच नाही. हे आकडे जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने काढतात, म्हणून ते परस्परांशी ताडून पाहता येतात. मात्र ती चाचणी खोलीच्या सुखावह तपमानात होते, बर्फात नव्हे. खरेदी करणारा नेमके हेच विसरतो.

आता माहितीपत्रकाचे दुसरे पान उलटा. तेथे ‘वापरण्यास योग्य तपमान’ असा रकाना असतो. निकॉनच्या रकान्यात शून्य ते 40 अंश सेल्सिअस आहे. फुजीच्या रकान्यात उणे 10 ते 40. हे वाचून कोणीही म्हणेल की थंडीसाठी फुजीच घ्यावा. आम्हीही तेच म्हटले होते. फुजीच्या सांगाड्याला धूळ आणि पाणी अडवणारी वेष्टने अनेक ठिकाणी बसवली आहेत आणि त्याचा दावा पोकळ नाही. पण त्या दाव्याचा अर्थ एवढाच की उणे 10 अंशांत यंत्र चालेल. किती वेळ चालेल, हे तो रकाना सांगत नाही. उलट ज्या निकॉनने शून्याखालची हमी दिलेली नाही, त्याच्या पोटात शिदोरी मोठी आणि भूक कमी. हमी हा कंपनीच्या सावधपणाचा आकडा असतो. आपल्याला जाणायचे असते ते शिदोरीबद्दल.

ही शिदोरी थंडीत का आटते, ते थोडे खोलात जाऊन पाहू. कॅमेऱ्यातली बॅटरी लिथियम-आयन जातीची. तिच्यात दोन ध्रुव असतात आणि त्यांच्या मध्ये एक द्रव. त्या द्रवातून लिथियमचे भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा वीज मिळते. पौष महिन्यात आपल्या घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीचे काय होते, ते आठवा. तेल बाटलीत असते, पण बाहेर येत नाही. बॅटरीतला द्रव तेलासारखा गोठत नाही, पण घट्ट होतो, कणांची ये-जा मंदावते आणि मागितल्याबरोबर हवा तेवढा प्रवाह देता येत नाही. विद्युत्दाब घसरतो. कॅमेऱ्याला फक्त दाब कळतो, म्हणून तो समजतो की बॅटरी संपली, आणि बंद पडतो. वास्तविक वीज आतच असते. बाटली उन्हात ठेवली की तेल सुटते, तशी ही बॅटरी अंगाच्या उबेत ठेवली की पुष्कळशी वीज परत मिळते. ‘संपली’ म्हणून कोणी बॅटरी फेकून देण्याच्या बेतात असेल तर त्यास थांबवावे. मोबाइल फोनचेही हेच. तीस टक्के दाखवता दाखवता तो एकाएकी डोळे मिटतो, याचे कारण हेच.

गुलमर्गला आमच्याजवळ आणि मेहुण्यांजवळ जादा बॅटऱ्या होत्या. दोघांनीही त्या मोठ्या व्यवस्थितपणे सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, पटकन सापडाव्यात म्हणून! त्या सापडल्या पटकन, पण हाताला खड्यासारख्या गार लागल्या आणि कॅमेऱ्यात घातल्या तेव्हा भरलेल्या असूनही अर्धमेल्या निघाल्या. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे आणि बॅटरीचाही नव्हे, आमचा. जादा बॅटरीची जागा स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात. कॅमेऱ्यातली थंडावली की ती खिशात आणि खिशातली कॅमेऱ्यात, अशी पाळी लावावी. फुजीबरोबर अशा निदान तीन लागतात. निकॉनबरोबर दोन पुरतात. फुजीला खालून जोडायची एक मूठ मिळते, तिच्यात आणखी दोन बॅटऱ्या बसतात आणि चित्रांचा आकडा हजाराच्या घरात जातो. पण मग कॅमेरा हलका म्हणून घेतला त्याचे काय झाले, हे ज्याचे त्याने पाहावे. आणखी एक गोष्ट. बाहेरून आल्याबरोबर गारठलेली बॅटरी चार्जरला लावू नये. शून्याखालच्या तपमानात ती भरू लागल्यास आतल्या ध्रुवावर लिथियम धातूचे पुट चढते आणि बॅटरी कायमची अधू होते. आधी तिला खोलीत निवांत ऊब घेऊ द्यावी.

येथवर पारडे निकॉनकडे झुकलेले दिसेल. आता बर्फाकडे वळू, म्हणजे ते फिरेल.

आमच्या मातोश्रींनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बर्फ पाहिला. टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट, भाड्याचा लोकरी डगला, खाली गोल साडीचा काठ आणि डोक्याला घट्ट बांधलेला मफलर, अशा थाटात त्या साखळ्या लावलेल्या मोटारीतून उतरल्या आणि दोन्ही ओंजळी भरून त्यांनी बर्फ उचलला. आम्ही आणि मेहुण्यांनी धडाधड कळा दाबल्या. मेहुण्यांच्या पडद्यावर पाहतो तो बर्फ राखेच्या रंगाचा आणि मातोश्रींचा चेहरा काळवंडलेला.

कारण असे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक पांढरे आणि काळे ओळखत नाही. समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम राखी रंगाचे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के परत फेकणारे आहे, असे धरून तो हिशेब करतो. झाडे, रस्ते, घरे, माणसे यांची सरासरी साधारण तेवढी भरते, म्हणून एरवी हिशेब जमतो. बर्फ त्याच्या कितीतरी पट प्रकाश परत फेकतो. मापकाला वाटते, प्रकाश फार झाला; तो चित्र अंधारवतो आणि बर्फाला राखी करून सोडतो. आधुनिक मापक पूर्वीपेक्षा पुष्कळ शहाणे झाले आहेत, पण चौकटभर बर्फ असला की तेही फसतात. यावर उपाय म्हणजे मापकाने सांगितले त्याहून दुप्पट, कधी चौपट प्रकाश मुद्दाम आत घ्यायचा. छायाचित्रकारांच्या भाषेत अधिक एक किंवा अधिक दोन.

हे करण्याची सोय दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, पण रीत निराळी. निकॉनमध्ये कळीजवळचे एक बारीक बटण दाबून धरायचे आणि अंगठ्याने मागची चकती फिरवायची. परिणाम चित्र निघाल्यावर पाहायचा, कारण खिडकीतून दिसणारे दृश्य जसेच्या तसेच राहते. फुजीच्या माथ्यावर, उजव्या अंगठ्याशी, उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत आकडे कोरलेली एक स्वतंत्र चकती आहे. कॅमेरा बंद असतानाही ती कोठे आहे हे दिसते. ती फिरवली की डोळ्यापुढच्या पडद्यावर बर्फ उजळताना आणि माणसाचा चेहरा वर येताना कळ दाबण्यापूर्वीच दिसतो. मघा ज्या संचाला आम्ही वीजखाऊ म्हटले, तो येथे आपले खाल्लेले फेडतो. एकच क्षण असेल आणि तो पुन्हा येणार नसेल, तर आधी दिसणे आणि मागून कळणे यांत फार अंतर आहे. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवसापासून बाहेर पडतानाच अधिक एक लावून ठेवायला सुरुवात केली आणि त्यांची चित्रे सुधारली. पण खोलीत आल्यावर तो परत शून्यावर आणायचे ते विसरत, हा भाग वेगळा.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. जाड मोज्यांत निकॉनची भरदार मूठ उत्तम बसते; फुजी निसटेल की काय असे वाटते. फुजीच्या काही चकत्यांच्या मध्यभागी कुलपाचे बोंड आहे, ते मोज्यातून चाचपडत दाबावे लागते. आम्ही बोटांची टोके उघडी राहतील असे मोजे घातले आणि अधूनमधून हात काखेत धरले. मात्र उघड्या धातूला ओले अंग लावू नये. 1911 साली स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकात असलेले छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची जीभ चित्र जुळवण्याच्या नादात कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तेथेच गोठून चिकटली. ती सोडवताना कातडी गेली. आपल्याला इतकी थंडी भेटणार नाही, पण गोष्ट ध्यानात राहते.

पाँटिंग यांना जो दुसरा त्रास झाला, तो मात्र आपल्यालाही होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही खोलीवर परतलो. मातोश्री बुखारीजवळ बसल्या होत्या, हात लाल झालेले, मांडीवर खानसाम्याने आणून दिलेली निखाऱ्यांची कांगडी, आणि चेहऱ्यावर असे काही समाधान की आम्हांस आमच्या लहानपणाची आठवण झाली. आम्ही कॅमेरा उचलून डोळ्याला लावला तर समोर नुसते धुके. काचेवर वाफ धरली होती. रुमालाने पुसली, पुन्हा धरली. मेहुण्यांनी आपला कॅमेरा काढला, त्याचीही तीच गत. काच मोकळी होईपर्यंत मातोश्रींना बसल्या जागी झोप लागली होती.

यात गूढ काही नाही. बर्फाचे पाणी भरलेला पेला या सभागृहात आणून ठेवला तर त्याला बाहेरून पाणी सुटेल. खोलीतल्या उबदार हवेत बाष्प असते. थंड वस्तूला टेकताच हवा निवते, बाष्प तिला पेलवत नाही आणि त्याचे थेंब होतात. हे थेंब काचेवरच नव्हे, तर वाट मिळाल्यास भिंगाच्या आत आणि विजेच्या जोडण्यांवरही बसतात. पाँटिंग आपले कॅमेरे झोपडीबाहेरच ठेवू लागले, ते यामुळे. आपण एवढे करावे: दार उघडण्यापूर्वी, बाहेर थंडीत असतानाच कॅमेरा प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधावे आणि मग आत यावे. थेंब पिशवीवर बसतात, कॅमेरा आत कोरडा राहतो. तास-दोन तासांनी, तो खोलीइतका उबदार झाल्यावर पिशवी सोडावी. चित्रे पाहण्याची फारच घाई असेल तर पिशवीत घालण्यापूर्वी कार्ड तेवढे काढून घ्यावे. उबेतून थंडीत जाताना ही धास्ती नसते; तो प्रवास उलट दिशेनेच घातक असतो. आणि खोलीत चित्र काढायचेच असेल, तर दोनांपैकी एक कॅमेरा दिवसभर खोलीतच ठेवून जावे, हे शहाणपण आम्हांस त्या रात्री सुचले.

थंडी हा वर्षातल्या चार-आठ दिवसांचा मामला. उरलेले दिवस आपण येथेच, उन्हात आणि पावसात असतो. या रोजच्या वापराचा विचार केला तर वजनाला पहिला मान दिला पाहिजे. बॅटरी आणि कार्ड धरून फुजी 507 ग्रॅम, निकॉन 765. भिंग सोडून फरक पाव किलोचा. पाव किलो म्हणजे काय, हे गणपतीच्या मिरवणुकीत चार तास गळ्यात अडकवल्यावर समजते. निकॉन जाडीनेही मोठा, त्याला वेगळी पिशवी लागते आणि वेगळी पिशवी लागणारी वस्तू हळूहळू कपाटात राहू लागते. मेहुण्यांचा कॅमेरा लग्नकार्याला निघतो. आमचा भाजी आणायलाही येतो. मात्र मुले पळत असताना, कबड्डीच्या मैदानावर, आरशाच्या खिडकीतून पाहण्याचे सुख निराळे आणि त्या कामात मेहुण्यांची चित्रे आमच्यापेक्षा अधिक वेळा साधतात, हे कबूल केले पाहिजे.

पावसाळ्याबद्दल एक सूचना. सांगाड्याला वेष्टने आहेत म्हणून भिंगालाही असतातच असे नाही. फुजीबरोबर बहुतेकांनी घेतलेले 18-55 चे भिंग पाणीबंद नाही. 18-135 चे आहे. पाणीबंद सांगाड्याला साधे भिंग लावून कोसळत्या सरीत उभे राहणे म्हणजे रेनकोट घालून छत्रीच्या पन्हळीखाली मान देणे. शिवाय कोकणात आणि आपल्याकडेही आषाढ-श्रावणात भिंगाच्या आत बुरशी धरते, ती कोळिष्टकासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कॅमेरा ठेवावा, आणि त्याहून चांगले म्हणजे तो वापरावा. कातडी पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकू नये. आमच्या पाहण्यात थंडीने बिघडलेले कॅमेरे अगदी थोडे आहेत. दमटपणाने गेलेले बरेच.

मग घ्यावा कोणता? स्पितीत किब्बरसारख्या गावी भर हिवाळ्यात हिमबिबट्याची वाट पाहत दिवस-दिवस डोंगराकडे डोळे लावून बसणारा कोणी येथे असेल, तर त्याने आरशाचा कॅमेरा घ्यावा. दहा तास खिडकीतून पाहिले तरी त्याची वीज फारशी जात नाही, आणि वाट पाहणे हेच तेथले मुख्य काम असते. बाकीच्यांना, म्हणजे घरची माणसे, सण, प्रवास आणि कधीतरी एकदा बर्फ एवढाच ज्यांचा व्याप आहे त्यांना, आम्ही फुजीच्या बाजूने सल्ला देऊ. तीन बॅटऱ्या आणि एक पाणीबंद भिंग यांचा खर्च आधीच धरून. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची शिदोरीही आता वाढली आहे. 2020 च्या एक्स-टी 4 मध्ये फुजीने मोठी बॅटरी घातली आणि तिच्यावर सुमारे 500 चित्रे निघू लागली. हजाराच्या पुढच्या आकड्याला ती अजून पोहोचलेली नाही, पण स्वेटरच्या खिशात एक बॅटरी कमी बाळगावी लागते.

मातोश्रींचे कांगडीचे चित्र आम्ही दुसऱ्या दिवशी, पिशवीत तास-दीड तास ठेवलेल्या कॅमेऱ्याने काढले. ते स्वच्छ आले आहे. त्यात त्या कॅमेऱ्याकडे पाहत आहेत आणि ‘काढलंस का एकदाचं?’ असे विचारत आहेत, हे ओठांवरून ओळखू येते. आदल्या संध्याकाळी त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या.